सेमल ओव्हनमधून कुरकुरीत निघतो, मग अर्ध्या तासात चामट का होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हिएन्नाला जाऊन आलेल्या एका ताईंना तिथले न्याहारीचे पाव फार आवडले. गोल, वर पाच पाकळ्यांची घडी असलेले, म्हणजे कायझरसेमल, थोडक्यात सेमल. पुण्यात घरी २८ लिटरच्या ओटीजीत त्या ते करून पाहतायत. मैदा, कोमट दूध, दोन चमचे साखर, बऱ्यापैकी लोणी आणि यीस्ट. वरून दुधाचा हात. १८० अंशांवर २५ मिनिटं. त्या लिहितात की रंग सुरेख येतो, बाहेर काढल्यावर कवच टकटक वाजतं, पण अर्ध्या तासात ते चामट होतं आणि आत आपला लादी पावच असतो. ओव्हनमध्ये पाण्याची वाटी ठेवूनही फरक पडला नाही. आता मैदा बदलू का, की ग्लूटेन (पिठाला ताण देणारं गव्हातलं प्रथिन) घालू?

मी ऑस्ट्रियात, ग्राझमधल्या एका लहान बेकरीत काही वर्षं रात्रपाळी केली आहे आणि आता पुण्यातच सेमल, ब्रून आणि राईचे (मोहरी नव्हे, राय हे धान्य) पाव करून विकतो. त्या अनुभवावरून सांगतो: मैदा बदलू नका आणि ग्लूटेन तर मुळीच घालू नका. तुमची अडचण पिठाची नाही, पाण्याची आहे. तुमचा पाव कुरकुरीत होत नाही असं नाहीच. तो होतो, आणि मग आतून सादळतो. कवच कुरकुरीत करणं आणि ते कुरकुरीत ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक कृती पहिल्यावर थांबतात.

ताज्या पावाच्या गरात वजनाच्या साधारण ४० ते ४५ टक्के पाणी असतं. ओव्हनमधून निघालेलं कवच मात्र जवळजवळ कोरडं असतं. पाणी ओल्याकडून कोरड्याकडे सरकत राहतं. चिवड्याच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं की चिवडा सादळतो ना, तसंच हे. फक्त चिवड्याला ओल बाहेरच्या हवेतून मिळते आणि सेमलला स्वतःच्या पोटातून. म्हणून सेमल करताना माझं सगळं लक्ष तीन गोष्टींवर असतं: भाजून झाल्यावर आत किती पाणी उरलं, कवच किती पातळ आणि किती कोरडं झालं, आणि निवताना आतली वाफ कुठे गेली.

त्याआधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो, म्हणजे उगाच निराशा नको. पुण्यात जानेवारीत केलेला सेमल तीन-चार तास छान राहतो. तोच जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत तासाभरात मऊ पडेल, कारण तिथे पाव आतूनही सादळतो आणि बाहेरूनही. त्याला इलाज नाही. तिथे खाण्याच्या वेळेशी जुळवूनच भाजावा लागतो. ओव्हनचंही तसंच. ओटीजीच्या बटणावर २३० लिहिलेलं असतं, पण आत २०० असणं अगदी नेहमीचं आहे, आणि व्होल्टेज कमी असेल तर आणखी कमी. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. त्याच्याशिवाय मी खाली दिलेले आकडे तुमच्या घरी लागू पडतील याची खात्री देता येत नाही. आणि खुद्द व्हिएन्नातही सेमल दिवसभर कुरकुरीत राहत नाही. लोक सकाळी ताजा घेतात आणि सकाळीच खातात. तुम्ही तिथे जो खाल्लात तो बहुधा नुकताच भट्टीतून आलेला होता.

आता तुमच्या कृतीकडे येऊ. दूध, साखर, लोणी हे तिन्ही पाव मऊ ठेवण्यासाठीच घालतात. लोण्याने गर मऊ राहतो आणि कवचही मऊ पडतं. साखर पाणी धरून ठेवते. पण सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच होतं: साखर आणि दुधाने रंग फार लवकर येतो, त्यात तुम्ही वरून दुधाचा हातही फिरवता. रंग बघून वाटतं की झालं, आणि पाव आत भरपूर पाणी असतानाच बाहेर येतो. सेमलचं पीठ साधं असतं: मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, थोडं माल्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं पीठ) आणि नावापुरतं तूप-तेल. यात रंग उशिरा येतो, त्यामुळे पाणी उडायला वेळ मिळतो.

ऑस्ट्रियात सेमलसाठी जो मैदा वापरतात त्याला डब्ल्यू ७०० म्हणतात. हा आकडा पिठातल्या खनिजांचा, म्हणजे पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचा असतो. जितका मोठा आकडा, तितका कोंड्याजवळचा भाग जास्त. केक-बिस्किटांसाठीचं डब्ल्यू ४८० त्याहून पांढरं असतं. आपला बाजारातला साधा मैदा सेमलला चालतो. चव थोडी भरदार हवी असेल तर त्यात बारीक चाळणीने चाळलेली थोडी कणीक मिसळा. ग्लूटेन नको म्हणालो त्याचं कारण असं: पीठ जितकं ताकदवान, तितकं कवच दाताला ओढ देणारं, वातड होतं. बेगलला, म्हणजे मधे भोक असलेल्या चिवट पावाला, ते शोभतं. सेमलचं कवच पातळ असून दाताखाली चटकन फुटायला हवं.

माल्टबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या कृतींतून नेमकी हीच गोष्ट गळते. धान्याला मोड आले की त्यात स्टार्च तोडून साखर करणारी एन्झाइम्स तयार होतात. असं धान्य हलक्या उष्णतेवर वाळवून दळलं की ती जिवंत राहतात आणि पिठात हळूहळू माल्टोज तयार करत राहतात. त्यावर यीस्ट जगतं, आणि उरलेल्याने शेवटच्या मिनिटांत कवचाला सोनेरी रंग व खरपूस वास येतो. म्हणजे रंग येतो, पण योग्य वेळी. जवाचं असं माल्ट ऑनलाइन मिळतं. घेताना ते एन्झाइम जिवंत असलेलं आहे ना, हे पाहून घ्या. घरीही करता येतं. बाळासाठी नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, तोच मार्ग. नाचणीऐवजी गहू घ्या आणि मोड आल्यावर भाजू नका. सावलीत कडक वाळवून दळा. भाजलं की एन्झाइम मरतात आणि उरते फक्त चव. घरच्या माल्टची ताकद कमीजास्त असते, म्हणून आधी थोडंच घालून पाहा. जास्त झालं तर गर आत चिकट राहतो. दुधात घालायची माल्टची पावडर मात्र इथे उपयोगाची नाही. तिच्यात साखर आणि दूध पावडर असते, म्हणजे आपण पुन्हा जिथून निघालो तिथेच.

आठ सेमलचं प्रमाण देतो. सगळं काट्यावर मोजा, पाणीसुद्धा. आदल्या रात्री ९० ग्रॅम मैदा, ९० ग्रॅम पाणी आणि यीस्टचे मोजके दाणे एकत्र ढवळून झाकून ठेवा. थंडीत १२ तास लागतील, उन्हाळ्यात सात-आठ तासांतच वर बुडबुडे येऊन मध्यभाग किंचित खाली बसू लागेल. तेव्हा ते तयार झालं. घर फार गरम असेल तर दोन तास बाहेर आणि मग फ्रिजमध्ये. सकाळी त्यात १८० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम चाळलेली कणीक, ७५ ग्रॅम पाणी, ६ ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ३ ग्रॅम माल्ट (घरचं असेल तर दीड) आणि ४ ग्रॅम तूप घाला. रात्रीचं मिश्रण वेळ नसेल तर वगळता येतं. सगळं एकदम मळलं तरी सेमल होतो. पण सकाळच्या यीस्टच्या वासाऐवजी गव्हाचा वास हवा असेल तर ते वगळू नका.

हे पीठ तुम्हाला घट्ट वाटेल. पाणी मैद्याच्या ५७ टक्क्यांच्या आसपास आहे. इंटरनेटवर सध्या ७५-८० टक्के पाण्याच्या पावांचं फार कौतुक आहे, पण तो पाव वेगळा, त्याची जाळी वेगळी. सेमलच्या घड्या घट्ट पिठातच उभ्या राहतात, आणि मुळात पाणीच कमी असेल तर सादळायला आत ओलही कमी. हाताने मळायला १२ ते १५ मिनिटं लागतात. पीठ गुळगुळीत झालं पाहिजे, आणि मळून झाल्यावर त्याचं तापमान २४ ते २६ अंशांच्या मध्ये असावं. एप्रिल-मेमध्ये फ्रिजमधलं गार पाणी घ्या, नाहीतर मळता मळताच पीठ फुगू लागतं आणि घड्या घालायच्या वेळी हातात येत नाही.

मळलेलं पीठ झाकून अर्धा तास ठेवा. मग ५८ ग्रॅमचे आठ गोळे करा, घट्ट वळा आणि पुन्हा दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. ही दुसरी विश्रांती टाळली तर घडी घालताना पीठ मागे खेचतं.

आता घडी. व्हिएन्नात हाताने घडी घातलेल्याला हांडसेमल म्हणतात. यंत्राने चांदणीचा ठसा मारलेला स्वस्त सेमलही सगळीकडे मिळतो. दोघांच्या कवचात फरक असतो आणि तो केवळ दिसण्याचा नाही. ठशाने पिठात फक्त खाच पडते. हाताच्या घडीत पिठाचे पदर एकमेकांवर बसतात, भट्टीत ते सुटतात, कडा वर उचलल्या जातात आणि त्या पातळ कडा आधी कोरड्या होतात. शिवाय पदरांच्या फटींतून आतली वाफ निघून जाते. सादळण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या घडीतच आहे.

गोळा हाताने चपटा करून साधारण आठ-नऊ सेंटिमीटरची चकती करा. तिकडे वर राईचं पीठ भुरभुरतात. आपल्याकडे तांदळाची पिठी उत्तम, कारण ती पिठात मुरत नाही आणि पदर चिकटू देत नाही. डाव्या हाताचा अंगठा चकतीच्या मध्यावर ठेवा. उजव्या हाताने कडेचा भाग उचलून अंगठ्यावरून मध्याकडे आणा आणि तळहाताच्या कडेने ठोकून बसवा. किंचित फिरवून पुढचा भाग घ्या, तो आधीच्या घडीवर थोडा चढू द्या. असे चार पदर झाले की अंगठा काढा आणि उरलेलं पाचवं टोक अंगठ्याने केलेल्या खळगीत दाबून बसवा. लिहिताना हे अवघड वाटतं. हाताला मात्र लवकर कळतं. पहिल्या खेपेला जमलं नाही तर गोळ्याची २५ सेंटिमीटरची वळी करून तिची सैल गाठ मारा आणि दोन्ही टोकं आत खुपसा. दिसायला जवळपास तसंच होतं आणि फटीही मिळतात. तेही नको असेल तर लांबट वळून भट्टीत घालायच्या आधी मधोमध एक खोल चीर द्या. ऑस्ट्रियात लांगसेमल असाच लांबट असतो, आणि कुरकुरीतपणात तो काही कमी नसतो.

घडी घातलेले सेमल पिठी भुरभुरलेल्या सुती कापडावर उलटे ठेवा, चांदणी खाली. वर दुसरं कापड झाका. वजनाने घड्या मिटलेल्या राहतात, कोरड्या पडत नाहीत, आणि भाजताना सुलटे केले की नीट उघडतात. खोलीच्या तापमानाप्रमाणे ३० ते ४५ मिनिटं पुरतात. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा हळूहळू, पण जवळजवळ पूर्ण भरून आला की भाजायला घ्या. लादी पावाइतकं फुगू देऊ नका. पूर्ण फुगलेल्या सेमलमध्ये भट्टीत उसळायची ताकद उरत नाही, चांदणी पुसली जाते आणि निवताना कवचाला सुरकुत्या पडतात.

आता भट्टी, आणि तुमची पाण्याची वाटी. वाफेचं काम फक्त पहिल्या सहा-आठ मिनिटांचं आहे. गार पिठावर वाफ बसते, तिचं पाणी होतं आणि त्यासोबत मोठी उष्णता पिठाला मिळते. वरचा थर ओला आणि ताणता येण्याजोगा राहतो, त्यामुळे पाव पूर्ण फुलतो. वरचा स्टार्च शिजून त्याचा पातळ, चकचकीत पापुद्रा होतो. वाफ नसेल तर कवच लगेच कडक होऊन पावाला जखडतं आणि जाड, मंद रंगाचं होतं. पण आठव्या मिनिटानंतर वाफ नको, उलट कोरडी हवा हवी. तुम्ही गार पाण्याची वाटी १८० अंशांत ठेवलीत. ती उकळायला लागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गेली असणार. म्हणजे हवी तेव्हा वाफ नव्हती, आणि नको तेव्हा शेवटपर्यंत होती. फरक पडला नाही असं तुम्ही लिहिलंय; माझ्या मते थोडं नुकसानच झालं.

व्हिएन्नाच्या बेकरांनी हा वाफेचा भाग एकोणिसाव्या शतकात फार छान सोडवला होता. त्यांच्या भट्टीचा तळ तोंडाकडे उतरता असे आणि तोंड खाली असे. वाफ वर चढते, त्यामुळे ती घुमटाखाली, पावांच्या भोवती अडकून राही; दार उघडलं तरी निसटत नसे. ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन माणसाने १८३०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिएन्नाच्या पद्धतीची बेकरी काढली, तेव्हा पॅरिसकरांना या चकचकीत कवचाचं मोठं नवल वाटलं. १८५०च्या आसपास व्हिएन्नात माउटनर यांच्या कारखान्यात दाबून वड्या केलेलं ताजं यीस्ट तयार होऊ लागलं आणि आधी यीस्ट म्हणून वापरत त्या बिअरच्या गाळाचा कडवटपणा पावातून गेला. १८७३च्या व्हिएन्नातल्या जागतिक प्रदर्शनानंतर एबेन हॉर्सफर्ड या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने या पावावर सविस्तर अहवालच लिहिला, तो १८७५ साली छापला गेला. गव्हापासून भट्टीपर्यंत त्याने सगळं तपासलं. मला या इतिहासाची ओढ आहे हे कबूल, पण इथे तो सांगण्याचं कारण रोजच्या कामाचं आहे. आपला ओटीजी नेमका उलटा असतो. त्याचं दार सैल असतं आणि वाफ वरच्या फटीतून निघून जाते. शिवाय बेकरीच्या भट्टीत शेकडो पाव एकदम असतात, त्यांचीच वाफ पुरते. गोव्यात पोदेर (पाववाला) भट्टी भरून उंडे (गोल पाव) लावतो तेव्हाही तेच होतं. घरी आठ पावांच्या वाफेने ओव्हन भरत नाही.

म्हणून लहान ओटीजीसाठी मी पातेलं उपडं घालायला सांगतो. बिडाचा तवा खालच्या जाळीवर ठेवा आणि दोन्ही कॉइल चालू करून ओव्हन जास्तीत जास्त तापमानावर, २४० ते २५० अंशांवर, निदान ४० मिनिटं तापवा. पंखा असेल तर बंद ठेवा. चार सेमल सुलटे करून वरून पाण्याचा बारीक फवारा मारा, झटकन तव्यावर ठेवा, आणि स्टीलच्या पातेल्याच्या आतून दोन-तीन फवारे मारून ते त्यांच्यावर उपडं घाला. पातेलं वरच्या कॉइलला लागणार नाही एवढ्या उंचीचं हवं. त्याला प्लॅस्टिकची मूठ किंवा नॉनस्टिकचा थर नको. आता पावांचीच वाफ पावांपाशी राहते, व्हिएन्नाच्या घुमटात राहायची तशी. उरलेले चार सेमल तोवर फ्रिजमध्ये झाकून ठेवा, म्हणजे ते जास्त फुगणार नाहीत.

सात मिनिटांनी पातेलं काढा. जाड हातमोजे घाला आणि चेहरा बाजूला ठेवा, आतली वाफ एकदम बाहेर येते. ओव्हन २२० ते २३० वर आणा आणि आणखी आठ ते दहा मिनिटं भाजा. शेवटची तीन-चार मिनिटं दारात लाकडी उलथनं अडकवून ते बोटभर उघडं ठेवा. बेकरीत याच वेळी भट्टीची झडप उघडतात. ही शेवटची मिनिटं सोडू नका. ओव्हन थंड होईल ही भीती बाळगू नका. वरची कॉइल फार जवळ असल्याने रंग आधीच येत असेल तर वर फॉइल ठेवा, पण वेळ कमी करू नका.

ज्यांचा ओव्हन मोठा आहे त्यांनी खाली रिकामा स्टीलचा ट्रे ओव्हनबरोबरच तापवावा आणि पाव आत ठेवल्या क्षणी त्यात कपभर उकळतं पाणी ओतावं. आठ मिनिटांनी ट्रे बाहेर काढावा. पाणी ओतताना दाराच्या काचेवर टॉवेल टाका. तापलेल्या काचेवर थेंब पडले तर ती तडकू शकते. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हबद्दलही नेहमी विचारणा होते, म्हणून सांगतो: त्यात पंखा वाफ उडवून लावतो आणि तळाला धग पुरत नाही. त्यात ब्रेड होतो, सेमल होत नाही.

पाव झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका, काट्यावर ठरवा. ५८ ग्रॅमचा गोळा भाजून ४७-४८ ग्रॅमवर आला पाहिजे, म्हणजे सुमारे १८ टक्के वजन वाफ होऊन गेलं पाहिजे. ५१-५२ भरत असेल तर रंग कितीही देखणा असो, तो अर्ध्या तासात चामट होणार. परत आत घाला, तापमान २०० करा आणि तीन-चार मिनिटं द्या. ४५ च्या खाली गेला तर मात्र गर कोरडा पडतो. माझ्या बेकरीत नवीन माणूस आला की त्याला मी आधी हे वजन करायला शिकवतो, घडी नंतर.

निवणं हाही भाजण्याचाच भाग समजा. सेमल तारेच्या जाळीवर, एकमेकांना न चिकटता, उघडे ठेवा. खाली हवा खेळली पाहिजे. आपल्याकडे पाव गरम असतानाच कापडात गुंडाळायची किंवा डब्यात घालायची सवय आहे. लादी पावाला ती योग्य, सेमलचा तिच्याने घात होतो. नीट भाजलेला असेल तर निवताना कवच बारीक तडकतं, त्याचा आवाजही येतो. वीस-पंचवीस मिनिटांनी खायला घ्या. गरम असताना कापला तर गर गोळा होतो.

उरलेल्यांचं काय? प्लॅस्टिकच्या पिशवीत नको आणि फ्रिजमध्ये तर नकोच. स्टार्च पुन्हा घट्ट होऊन पाव शिळा होण्याची क्रिया फ्रिजच्या तापमानालाच सर्वात वेगाने होते. त्याच दिवशी खाणार असाल तर कागदी पिशवी, आणि खाण्याआधी पाण्याचा हलका फवारा मारून २०० अंशांवर चार-पाच मिनिटं. उष्णतेने गर पुन्हा मऊ होतो आणि कवच वाळतं. हे एकदाच जमतं, दुसऱ्यांदा गरम केलेला पाव टणक होतो. नोकरी-शाळेच्या घरात मला सगळ्यात सोयीचा वाटतो तो अर्धवट भाजून ठेवण्याचा मार्ग: पातेल्याखाली सात मिनिटं, नंतर उघडे तीन-चार मिनिटं, रंग यायच्या आत बाहेर काढा, पूर्ण निवल्यावर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी फवारा मारून थेट २२० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं. दमट हवेच्या गावांत तर हाच मार्ग धरा, कारण पाव ताटात येतो त्याच वेळी कवच ताजं असतं. आणि दोन दिवसांचे कडक सेमल टाकू नका. ऑस्ट्रियात त्यांचे बारीक तुकडे दूध-अंड्यात भिजवून क्न्योडेल म्हणजे उकडलेले गोळे करतात, आणि किसून केलेला चुरा श्नित्सेलला (तळलेल्या मांसाच्या पातळ कापाला) लावतात. तो चुरा आपल्या कटलेटला कुठल्याही विकतच्या चुऱ्यापेक्षा चांगला लागतो.

पाव आत लादीसारखा लागतो म्हणालात, ते दूध-लोणी काढल्यावर बरंचसं आपोआप जाईल. इराणी हॉटेलातला ब्रून आठवून पाहा. तोही कडक कवचाचाच पाव, सेमलहून थोडा जाड. तुम्हाला हवा असलेला गर लादी पावापेक्षा त्याच्या जवळचा आहे.

हे सगळं एकाच रविवारी बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आधी फक्त पीठ बदला आणि वरचं दूध बंद करा. नंतरच्या खेपेला तापमान, पातेलं आणि शेवटी उघडं दार. माल्ट आणि हाताची घडी त्यानंतर. प्रत्येक वेळी गोळ्याचं आणि भाजलेल्या सेमलचं वजन लिहून ठेवा, आणि ओव्हनच्या थर्मामीटरने दाखवलेला आकडाही. पहिल्या दोन खेपांचे हे आकडे आणि मधोमध कापलेल्या सेमलचा एक फोटो इथे टाका, म्हणजे तुमच्या ओव्हनला मिनिटं वाढवायची की तापमान, हे नेमकं सांगता येईल.